आणिक आगारातला रविवार

शहाडहून लोकल, कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरने जीटीबी नगर आणि तिथून मुंबईच्या ‘बेस्ट’ बससेवेचं आणिक आगार. उल्हासनगरच्या कॅम्प १ मधून बस बघायला इतक्या लांब जायचं म्हणून घरी थट्टा झाली.

‘बेस्ट’चं वाहतूक संग्रहालय आगाराच्याच इमारतीत आहे. ट्राम-बसच्या प्रतिकृती, जुनी तिकिटं, तिकिटांची यंत्रं. मी रेंगाळलो घोड्यांच्या ट्रामपाशी. ९ मे १८७४ ला ती सुरू झाली तेव्हा कंपनीकडे ९०० घोडे होते. वाहतूक कंपनीचा मोठा खर्च चंदी-वैरणीवर! कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे, तेही तिकिटाविना. पुढे फुकटे वाढले आणि मग तिकिटं छापली गेली. म्हणजे आपल्या खिशातलं तिकीट हे अविश्वासाचं अपत्य.

१९०७ मध्ये विजेची ट्राम, १९२६ मध्ये अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस, १९३७ मध्ये डबलडेकर. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम धावली. सीएसएमटीजवळ भाटिया बागेत आज जी ट्राम ठेवली आहे, ती कोलकात्याहून आणलेली. आपलं मोडीत काढायचं आणि शेजाऱ्याचं आणून मिरवायचं, हे जरा अतीच.

आमचं उल्हासनगर तर फाळणीनंतर लष्करी छावणीत वसलेलं, तेव्हा ट्रामचा प्रश्नच नव्हता. इथला वाहतुकीचा इतिहास शेअर रिक्षाच्या चौथ्या सीटवर अर्धवट बसलेला असतो. त्याचं संग्रहालय काढलंच, तर मीटर कोऱ्या अवस्थेत मिळतील.