उंबरठ्यावर

माणूस गेला असें सांगण्यापूर्वीं डॉक्टर नाडी पाहतो, छातीला नळी लावतो, डोळ्यांवर प्रकाश टाकतो. यंत्र गेलें असें सांगण्यास मात्र दुकानदाराला एक निःश्वास पुरतो. वास्तविक जुना संगणक सुरू होत नाहीं याचा अर्थ तो संपला असा क्वचितच असतो. बहुधा घरांत सर्व कांहीं जागच्या जागीं असतें. दार उघडणारा तेवढा भांबावलेला असतो.

माझ्या थोरल्या बंधूंचें पांढरें मॅकबुक अशाच एका निकालानें भंगारांत जाणार होतें. २००६ च्या अखेरीस निघालेल्या नमुन्यापैकीं तें एक. दादा गेले, लिहितांना त्यांचे तळहात जिथें टेकत तिथले पिवळट डाग मागें राहिले. वहिनींना परदेशांतल्या नातीला मराठींत पत्रें लिहावयाचीं होतीं, आणि तीं याच कळांवर. मुलानें नवें यंत्र घेऊन देण्याची तयारी दाखविली, तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "नवें चांगलेंच असेल, पण त्यावर ह्यांचीं बोटें कुठें फिरलीं आहेत?"

अडचण अशी कीं, या नमुन्याची स्वतःची प्रणाली १०.७ या आवृत्तीपाशीं कायमची थांबलेली. त्यांतच ३० सप्टेंबर २०२१ रोजीं इंटरनेटवरील एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि अशा जुन्या यंत्रांना कित्येक संकेतस्थळांचीं दारें बंद झालीं. मग उपाय एकच उरला : लिनक्स. १९९१ सालीं हेलसिंकीच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या लीनस टोरवाल्ड्सनें हौसेखातर आरंभिलेली ही प्रणाली म्हाताऱ्या यंत्रांचा मोठा आधार आहे. शेजारच्या एका सद्‌गृहस्थांनीं यंत्र दुकानांत नेलें. दुकानदारानें प्रचारांतल्या एका लिनक्सची तबकडी आंत सारली. पडद्यावर इंग्रजींत प्रश्न उमटला : तबकडी कोणत्या प्रकारें सुरू करूं, १ कीं २? त्यानें १ दाबला, २ दाबला, शेवटीं सर्वच कळा दाबून पाहिल्या. यंत्र ढिम्म. "कळफलक गेला, मुख्य बोर्डहि गेला," असा निकाल लागला.

निकाल ऐकून मी यंत्र घरीं आणलें, कारण तो प्रश्न मला ओळखीचा वाटला. यंत्र सुरू होणें ही एका क्षणाची गोष्ट नसून ती एक हातोहात चालणारी कामगिरी आहे. वीज मिळतांच प्रथम जागें होतें तें यंत्रांतच कोरलेलें फर्मवेअर. तें तबकडीवरील किंवा डिस्कवरील एका लहान कार्यक्रमाला हांक मारतें. लिनक्सच्या बाबतींत त्याचें नांव बहुधा ग्रब असें असतें. ग्रब प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, उचलून स्मृतींत ठेवतो. आणि कर्नल मग डिस्कवरचें मूळ घर शोधून सारा संसार मांडतो. या चौघांपैकीं एकानें दुसऱ्याला ओळखलें नाहीं, कीं पुढचे सारे निरुपयोगी.

त्या तबकडीवर आंत शिरण्याचे मार्ग दोन होते : एक जुन्या पद्धतीच्या यंत्रांसाठीं, दुसरा नव्या. २००६ च्या मॅकचें फर्मवेअर दोन दरवाजे एकत्र पाहून गोंधळतें. प्रश्न विचारतें, पण उत्तर घेण्यास थांबत नाहीं. कळफलक धडधाकट होता, ऐकणारा नव्हता. शिवाय या यंत्राचा प्रोसेसर ६४ बिटांचा, पण फर्मवेअर ३२ बिटांचें : मालक एक भाषा बोलणार, द्वारपाल दुसरी. लिनक्सचा कर्नल असल्या विषम जोडप्याशीं संसार करण्यास शिकला तो २०१४ सालीं. दोष कोणाचाच म्हणतां येत नाहीं. यंत्र घडलें तेव्हां ही तबकडी नव्हती, आणि तबकडी घडली तेव्हां या यंत्राची आठवण थोड्यांनाच होती.

त्या थोड्यांत डेबिअनचे स्वयंसेवक आहेत. त्यांनीं अशा मॅकसाठीं मुद्दाम एकच दरवाजा ठेवलेली तबकडी सिद्ध केली असून तिच्या नांवांतच 'मॅक' हा शब्द आहे. ती घातली. प्रश्न उमटला नाहीं. तासाभरांत डेबिअन डिस्कवर बसलें, आणि यंत्र मीं पुन्हां सुरू केलें. पांढरा पडदा, आणि मधोमध एक लहानसें पाकीट, त्यावर लुकलुकणारें प्रश्नचिन्ह.

"गेलें ना, भाऊजी?" वहिनींनीं हळूच विचारलें.

तें प्रश्नचिन्ह म्हणजे मृत्युलेख नव्हे. सुरू करण्याजोगी प्रणाली कुठें आहे हें आपणांस ठाऊक नाहीं, एवढीच ती फर्मवेअरची कबुली. यंत्र कुठें अडलें हें तें स्वतःच सांगत असतें. पाहणाऱ्याला तेवढा धीर हवा. प्रश्नचिन्ह दिसलें तर पहिल्याच द्वारपालाला वाट सांपडली नाहीं. ग्रबचा नुसता संकेत दिसून पुढें ओळ सरकली नाहीं, तर ग्रब आला, पण त्याला आपलीं कागदपत्रें सांपडलीं नाहींत. अक्षरें धांवून अचानक काळोख झाला, तर कर्नल बहुधा जागा आहे; चित्राचें तेवढें जमलें नाहीं, आणि ग्रबच्या ओळींत 'नोमोडसेट' हा एक शब्द जोडल्यानें पुष्कळदां काम भागतें. काळोख सर्वांचा सारखा; पण प्रत्येकाचें ठिकाण निराळें.

यंत्र बंद करून मीं वहिनींना ऑप्शन ही कळ दाबून धरण्यास सांगितलें. सुरुवातीचा तो गंभीर नाद घुमला, आणि पडद्यावर डिस्कचें चित्र आलें. त्याखालीं नांव होतें 'विंडोज'! घरांत विंडोजचा मागमूसहि नव्हता. परंतु जुन्या पद्धतीचा हा दरवाजा मॅकमध्यें २००६ सालीं मुळीं विंडोजसाठींच उघडण्यांत आला. तेव्हांपासून त्या दारानें येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हा द्वारपाल त्याच नांवानें पुकारतो. वहिनींनीं तें चुकीचें नांव निवडलें, आणि ग्रबची यादी व पाठोपाठ डेबिअन पडद्यावर अवतरलें.

रोज कळ दाबून धरण्याची दगदग तेवढी उरली होती. मॅकच्या मूळ तबकडीवर एक आज्ञा असते. तिचें नांव 'ब्लेस', म्हणजे आशीर्वाद देणें. जिला आशीर्वाद मिळाला तीच प्रणाली फर्मवेअर आपण होऊन शोधतें. इतरांना पांढऱ्या पडद्याआड अर्धा अर्धा मिनिट तिष्ठत बसावें लागतें, किंवा त्या प्रश्नचिन्हाचा अपमान सोसावा लागतो. जुन्या पद्धतीच्या दारासाठीं द्यावयाचा आशीर्वाद मीं त्या डिस्कला देवविला. तेव्हांपासून यंत्र मुकाट्यानें सुरू होतें.

दादा गेल्यावर घरांत वहिनींविषयींहि एक निकाल न बोलतां लागून गेला होता. त्यांना आतां कांहीं नवें जमावयाचें नाहीं, असें सर्वांनीं मायेनेंच ठरविलें होतें. त्यांच्या हातचें काम काढून घेतलें जाई; एखादा प्रश्न त्यांनीं विचारला तर उत्तराऐवजीं "राहूं द्या" असें म्हटलें जाई. तो निकालहि नाडी न पाहतांच दिलेला होता. पहिल्या आठवड्यांत त्यांनीं दोन ओळी लिहिल्या, दुसऱ्यांत अर्धें पान. आतां पत्र दर रविवारीं जातें. यंत्र मधेंच थबकलें तर "बिघडलें" असें त्या म्हणत नाहींत. "कुठें अडलें तें बघा," म्हणतात.

परवां नातीचें उत्तर आलें. तिनेंहि मराठी कळफलक घेतला आहे. पण आजोळ हा शब्द लिहितांना तिला 'ळ' सांपडेना. वहिनींनीं उलट पत्रीं कळविलें : शिफ्ट दाबून धर, आणि 'ल' ची कळ दाब.