ढवळपुरीचे फिरते वाडे

नगरहून कल्याणकडे जाणारा हमरस्ता भाळवणीवरून पारनेर तालुक्यांतील टाकळी ढोकेश्वरास येतो आणि पुढें आळेफाटा, ओतूर करीत माळशेज घाटानें कोकणांत उतरतो. दिवाळीच्या सुमारास मोटारीनें या वाटेनें जाणाऱ्यास मेंढरांच्या कळपामागें हटकून खोळंबावें लागतें. मोटारींतील मंडळी घड्याळाकडे पाहून त्रासतात. पण जो खालीं उतरून पाहील त्याला एक सबंध गांवच रस्त्यानें चाललें आहे असें दिसेल. तट्टांवर लादलेलीं भांडीं, धान्याच्या गोण्या, त्यांवर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि कालपरवां जन्मलेलीं कोंकरें. मागें शेंदोनशें मेंढ्या, कडेनें कुत्रीं, आणि खांद्यावर काठी टाकलेले पुरुष.

याला धनगरी वाडा म्हणतात. वाडा म्हटला कीं आपणांस चौक, ओसरी, दिंडीदरवाजा आठवावयाचा. यांच्या वाड्यास भिंत म्हणून नाहीं. रात्रीं मेंढ्यांभोंवतीं जाळें ठोकलें कीं वाडा झाला. त्या जाळ्यास ते ‘वाघूर’ म्हणतात. वाघापासून राखतें म्हणून वाघूर, असें एकानें मला समजावून दिलें. वस्तुतः शब्द संस्कृत ‘वागुरा’, म्हणजे जाळें, त्यावरून आलेला आहे. आम्ही कोशाची धूळ झाडून जो शब्द शोधावा, तो माळावर रोज संध्याकाळीं मेखांनीं ठोकला जातो!

ढवळपुरी हें याच तालुक्यांतील गांव. येथें हटकर धनगरांची मोठी वस्ती आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील हा मुलूख. मुरमाड माळ, कुसळी गवत, बोरीबाभळी. ज्या अहल्याबाई होळकरांचें नांव २०२४ सालीं या जिल्ह्यास देण्यांत आलें, त्यांचा जन्म जिल्ह्याच्या दुसऱ्या टोंकास, जामखेड तालुक्यांतील चोंडी येथें, १७२५ मध्यें धनगर कुटुंबांतच झाला. नांव मोठें झालें. माळावरील गवत मात्र होतें तितकेंच आहे.

हे लोक भटकतात, असें आपण सहज बोलून जातों. माझ्या मतें तो शब्द चुकीचा आहे. त्यांच्या फिरण्यास पंचांगाइतका नेम आहे. पावसाळाभर ते घरीं, ढवळपुरीच्या माळावर असतात. पीक निघालें व गवत सरलें कीं निघतात, हिवाळा-उन्हाळा ठाणें-रायगडकडच्या रिकाम्या भातखाचरांत काढतात, आणि मृगापूर्वीं घाट चढून परत येतात. कोकणांत हिरवें इतकें, मग पावसाळ्यांतही तेथेंच कां राहत नाहीं, असें मीं एका वृद्ध कारभाऱ्यास विचारलें. तो म्हणाला, “गुर्जी, तिकडच्या पावसात मेंढराच्या खुरात पाणी मुरतं. खूर सडला की चालत न्हाई, आन् चालत न्हाई ते जगत न्हाई.” दख्खनी मेंढी कोरड्या हवेची आहे, तिच्या खुरांवरून या लोकांचें सारें वर्ष आंखलेलें आहे.

शेतकऱ्याशीं त्यांचें नातें तितकेंच जुनें. मेंढ्या एक रात्र शेतांत बसविल्या कीं लेंडी व मूत जमिनींत मुरून उत्तम खत होतें. त्याच्या बदल्यांत देशावर ज्वारी-बाजरी, कोकणांत तांदूळ मिळे. आतां बहुधा रोकड मिळते. एकाच्या दारीं ओळीनें पिढ्यान्‌पिढ्या उतरणारे वाडे आहेत. परंतु नळाचें व विहिरीचें पाणी आल्यापासून शेत वर्षभर हिरवें. मेंढी बसावयास रिकामें रान उरत नाहीं. कोकणांत भिवंडी-कल्याणकडे खाचरें बुजून गुदामें व बंगले उठले. उसाच्या फडांतून बिबट्या येतो. त्यामुळें मुक्काम लांबतात, भांडणें वाढतात.

लोकरीची कथा अधिक खेदाची आहे. आपल्या घरांतील वृद्ध स्त्रिया सोंवळ्यांत धाबळी नेसून स्वयंपाक करीत, हें पुष्कळांस आठवत असेल. वैदिक काळीं सोमरस गाळीत तो मेंढीच्या लोकरीच्या गाळणींतून. तेव्हां लोकरीचें पावित्र्य नवें नव्हे. ही लोकर वर्षांतून दोनदां कातरावयाची, बायकांनीं चरख्यावर सूत काढावयाचें, आणि सणगरांनीं ताण्यास चिंचोक्यांची खळ देऊन खड्ड्यांतील मागावर घोंगडें विणावयाचें, अशी रीत होती. गिरणीचें स्वस्त ब्लँकेट आलें आणि घोंगडें मागें पडलें. आज पुष्कळ ठिकाणीं कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त पडते. म्हणून कित्येकांनीं सांगली जिल्ह्याकडची माडग्याळी मेंढी आणली; ती अंगानें मोठी, लोकरीनें विरळ. बाजार मांसाचा आहे. २०१९ च्या पशुगणनेंत महाराष्ट्रांत सुमारें २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. त्यांची लोकर कोणास हवी आहे, हें मात्र कोणत्याच गणनेंत नसतें.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस हेब्रिडीज नांवाचीं वाऱ्यानें झोडपलेलीं बेटें आहेत. तेथील कुळेंही तुटपुंज्या जमिनीवर व सामायिक कुरणावर मेंढ्या पाळून राहतात. त्यांच्या हॅरिस ट्वीड कापडासाठीं ब्रिटिश पार्लमेंटनें १९९३ सालीं कायदाच केला: बेटावरील विणकरानें आपल्या घरीं विणलेलें असेल तरच तें नांव लावावयाचें. खरखरीत लोकर तिकडेही आहे आणि इकडेही. इकडे राहुरीच्या कृषि विद्यापीठांत दख्खनी मेंढीच्या सुधारणेवर काम चालतें, तें चांगलेंच आहे. पण घोंगड्यासाठीं असा कायदा कोणाच्या मनांत आलेला मला ठाऊक नाहीं.

माझी कांहीं वर्षें या तालुक्यांतील शाळेंत गेलीं. दिवाळीची सुट्टी संपे आणि हजेरीपटांतील कित्येक नांवांपुढें गैरहजेरी मांडावी लागे. मुलें कोकणांत. जूनमध्यें तीं परत येत तेव्हां मुळाक्षरें विसरलेलीं, पण तारे, वारा व चाळीस कोंकरांच्या आया ओळखण्यांत तरबेज. आतां पुष्कळजण मुलांना आजी-आजोबांपाशीं किंवा आश्रमशाळेंत ठेवितात. एक मुलगा शिकून तालुक्याच्या कचेरींत लागला. त्याच्या बापानें निम्मीं मेंढरें विकलीं, कारण मागें चालावयास कोणी उरलें नाहीं.

गेल्या वर्षीं तेथें कातरणी चालली असतां मी गेलों होतों. बांधाशीं काळ्या लोकरीचा ढीग पडला होता. एका म्हातारीनें बसून त्यांतील मऊ पुंजके निवडले आणि पदरांत घेतले. नातवाच्या पाळण्यांत घालावयास, म्हणाली. बाकीची लोकर बांधावरच राहिली, आणि वाडा सांजेपूर्वीं पुढच्या शेताकडे निघाला.