वाचकाचे खाते आणि परवलीचा शब्द

सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळापुढे सभासदांच्या खात्यांना परवलीचा शब्द लावण्याची तजवीज मांडली, की पहिला आक्षेप बहुधा कोषाध्यक्षांकडून येतो. आणि तो असा, की ग्रंथ कपाटात आहेत, कपाटांना कुलपे आहेत, अनामत रक्कम बँकेत आहे, तर संगणकातून कोणी चोरून न्यायचे ते काय? आक्षेप वरकरणी बिनतोड आहे, आणि ज्याने आयुष्यभर संस्थेचा जमाखर्च चोख ठेवला त्या गृहस्थाने तो घ्यावा हे स्वाभाविकही आहे. लहानमोठ्या ग्रंथालयांची दफ्तरे संगणकावर चढवून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो असल्यामुळे ह्या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले असते: चोरून न्यायची वस्तू म्हणजे कोणत्या माणसाने कोणता ग्रंथ केव्हा नेला, ही नोंद. एखादी गृहिणी ओळीने घटस्फोटाच्या कायद्यावरील पुस्तके नेऊ लागते, एखादा कारकून नोकरीत असतानाच स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके चाळतो, एखादे वृद्ध गृहस्थ एकाएकी कर्करोगाविषयी जे मिळेल ते मागवितात. ह्या मंडळींनी घरच्यांनाही जे अद्याप सांगितलेले नसते, ते त्यांच्या खात्यावर तारीखवार लिहिलेले असते. असे असूनही मी अशी संगणकीय तालिका पाहिली आहे, की जीत नुसता सभासद क्रमांक टाकला तर हे सारे पान उघडते. आणि तो क्रमांक तर सभासद कार्डावर ठळक अक्षरांत छापलेला असतो.

ही चिंता संगणकाच्या आधीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीना ब्राउन ह्या अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी देवघेवीची जी पद्धत रूढ केली, तीत प्रत्येक वाचकाजवळ खिशाच्या आकाराची छोटी तिकिटे असत. ग्रंथ नेताना त्यातले कार्ड काढून तिकिटाच्या खिशात सरकवावे, ती जोडी तारखेच्या क्रमाने लाकडी तबकात उभी करावी, आणि ग्रंथ परत आला की कार्ड ग्रंथात व तिकीट वाचकाच्या हाती द्यावे, एवढाच विधी. व्यवहार पुरा होताच त्याची निशाणीही मागे उरत नसे. तिची प्रतिस्पर्धी जी न्यूअर्क पद्धत, तीत वाचकाचा क्रमांक ग्रंथकार्डावर लिहिला जाई, आणि कार्ड भरेपर्यंत तो तेथेच राहत असल्याने आपल्यापूर्वी हे पुस्तक कोणी वाचले ह्याचा माग पुढच्या वाचकाला काढता येत असे. आपल्याकडच्या पुष्कळ वाचनालयांनी तिसरीच वाट धरली आणि सभासदागणिक खतावणीचे एक पान घातले. अशी एक जुनी खतावणी मी संगणकासाठी उतरवून घेत होतो. दाखल क्रमांकांच्या रांगा जांभळ्या शाईत सुबक लिहिलेल्या होत्या, आणि समासात शेरे होते: 'चिरंजीव घेऊन गेले', 'मोलकरणीबरोबर पाठविले', 'दोन पाने ओली', 'हे पुस्तक घरी कळवू नये'. त्या शेवटच्या शेऱ्याखाली कोण्या देवघेव लेखनिकाने बारीक सही केली होती. गुप्ततेचा कोणताही नियम छापील नसताना त्या लेखनिकाने तो स्वतःपुरता केला होता. अमेरिकेतील ग्रंथालय संघाने १९३९ च्या आपल्या आचारसंहितेत वाचकाविषयीची माहिती गुप्त ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य म्हणून नमूद केले, आणि पुढे तेथील बहुतेक राज्यांनी तसे कायदेही केले. आपला १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम ग्रंथालयांची स्थापना, परिरक्षण, संघटन आणि विकास ह्यांसाठी झालेला. त्या काळी ग्रंथालयाचे सारे दफ्तर एका लोखंडी कपाटात मावत असे.

आता खऱ्या अडचणीकडे वळतो. नव्या सभासदाला परवलीचा शब्द देणे सोपे असते, कारण तो समोर बसलेला असतो. प्रश्न जुन्यांचा. दहा हजार सभासदांची नावे एका रात्रीत संगणकावर चढली. त्यांच्यापैकी कोणाजवळही परवलीचा शब्द नाही. तर पहिला शब्द कोणता आणि तो त्यांच्यापर्यंत पोचवायचा कसा? संगणकप्रणाली विकणारे गृहस्थ अशा वेळी हसून सांगतात, "जन्मतारीख ठेवा साहेब, सगळ्यांना आठवते." आठवते हे खरे, पण ती सर्वांचीच सर्वांना आठवते. ज्या महाराष्ट्रात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक चौकाचौकात लागतात, तेथे जन्मतारखेला गुपित मानणे हा विनोद आहे. शिवाय हिशेब करून पाहावा. दिवस आणि महिना असे चार अंक घेतले तर पर्याय होतात अवघे ३६६. सभासद क्रमांक एकापासून ओळीने दिलेले. कोणी उपद्व्यापी माणसाने एकच तारीख उचलून ती दहाही हजार क्रमांकांवर लावून पाहिली, तर सरासरी २७ खाती उघडतील. आणि प्रत्येक खात्यावर प्रयत्न एकेकच झालेला असल्यामुळे, पाच चुका झाल्यावर खाते बंद करण्याचा जो पहारा आपण मोठ्या भरवशाने बसविलेला असतो, तो जागाही होणार नाही. भ्रमणध्वनीचे शेवटचे चार अंक ठेवले तर पर्याय दहा हजार होतात, पण शेजाऱ्याला तो क्रमांक पाठ असतो. असा सर्वविदित शब्द लावण्यापेक्षा काहीच न लावलेले मला बरे वाटते, कारण तेव्हा निदान आपले दार उघडे आहे ह्याची वाचकाला जाणीव असते.

माझा शिरस्ता असा, की जुन्या खात्यांना पहिला शब्द द्यायचाच नाही. संकेतस्थळावरून ते खाते बंदच ठेवावे. तालिका शोधायला त्याची गरज नसते, आणि पुस्तक न्यायला सभासद कार्ड पुरेसे असते. वाचक नेहमीप्रमाणे पुस्तक बदलायला आला, की देवघेवीच्या मेजावरच त्याची ओळख पटवून, कळफलक त्याच्याकडे फिरवून, त्याचा शब्द त्यालाच टाकायला सांगावा आणि लेखनिकाने त्या वेळी मान दुसरीकडे वळवावी. नियमित वाचक पंधरवड्याला येतातच, म्हणून हे काम वाटते तितके लांबत नाही. जे येत नाहीत त्यांचे खाते बंद राहिले तर कोणाचे बिघडत नाही. भ्रमणध्वनीवर सांकेतिक अंक पाठविण्याची सोय उत्तम, पण तीवर सारी मदार ठेवू नये. दफ्तरातील पुष्कळ क्रमांक पुण्यामुंबईला गेलेल्या मुलांचे असतात, आणि आईच्या खात्याची किल्ली मुलाच्या खिशात जाऊन पडते.

विसरलेल्या शब्दाचे प्रकरण ह्याहून नाजूक. दूरध्वनी येतो, पलीकडचा आवाज अधिकाराचा असतो: "मी अमक्या बाईंचा यजमान बोलतोय, त्यांचा पासवर्ड जरा सांगा." लहान गावात लेखनिक त्या यजमानांना ओळखत असतो, आणि नकार देणे त्याच्या जिवावर येते. म्हणून नियम मंडळाच्या ठरावाने करावा आणि मेजावर लावावा, की परवलीचा शब्द दूरध्वनीवरून दिला वा बदलला जात नाही. नकाराचा वाईटपणा मग ठरावाकडे जातो, लेखनिकाकडे राहत नाही.

वास्तविक लेखनिकाला तो शब्द सांगताच येता कामा नये. संगणकाला परवलीचा शब्द लावण्याची प्रथा १९६० च्या दशकारंभी अमेरिकेतील एम.आय.टी. ह्या विद्यापीठात सुरू झाली, आणि १९६२ साली तेथील अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाने आपल्याला संगणकावर अधिक वेळ मिळावा म्हणून सर्वांच्या शब्दांची साठविलेली फेरिस्तच छापून घेतली. १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन ह्यांनी आपल्या निबंधात युनिक्स प्रणालीतील उपाय विशद केला: शब्द जसाच्या तसा न ठेवता त्यावर गणिती प्रक्रिया करून, जिच्यावरून मूळ शब्द उलट काढता येत नाही अशी आकृती ठेवावी, आणि वाचकाने शब्द टाकला की त्याच्यावर तीच प्रक्रिया करून दोन्हींची रुजवात घ्यावी. त्यांनी जमा केलेल्या ३२८९ शब्दांपैकी ८६ टक्के सहज ओळखता येण्याजोगे निघाले, हेही त्याच निबंधात आहे. म्हणून संगणकप्रणाली खरेदी करणाऱ्या मंडळांना मी एकच परीक्षा सांगतो. विक्रेत्याला सहज विचारावे, की एखादा सभासद आपला शब्द विसरला तर तुम्ही तो आम्हाला काढून द्याल का? "हो, लगेच," असे उत्तर आले तर चहा पाजून निरोप द्यावा.

शब्द कसा असावा ह्याविषयी फारसे लिहीत नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ साली जुने कडक नियम सोडून देऊन सांगितले, की किमान आठ अक्षरे असावीत, नित्याचे आणि चोरीला गेलेले शब्द नाकारावेत, आणि कारणावाचून दर तिमाहीला शब्द बदलायला लावू नये. ते सर्वस्वी योग्य आहे. आपल्याकडे मात्र एक निराळे विघ्न आहे, ज्याचा तेथील पंडितांना सहसा अनुभव नसावा. एका निवृत्त शिक्षकांनी हौसेने शुद्ध मराठीत शब्द निवडला आणि त्यात 'ऱ्या' हे जोडाक्षर होते. त्यांच्या घरच्या संगणकावर तो शब्द चाले. ग्रंथालयातल्या संगणकावर नाही. ते पुनःपुन्हा, एकेक कळ मोठ्याने म्हणत, तोच शब्द टाकीत होते, आणि संगणक तो पुनःपुन्हा नाकारीत होता. उलगडा असा, की तो 'ऱ' संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो, एकसंध अक्षर म्हणून किंवा 'र' खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच, पण त्या गणिती प्रक्रियेला सर्वस्वी भिन्न. अंकांचेही तसेच: देवनागरी अंकांत टाकलेली संख्या आणि इंग्रजी अंकांत टाकलेली संख्या संगणकाच्या लेखी निरनिराळ्या आहेत. हे दोष प्रणालीनेच एकरूप करून घ्यायला हवेत, आणि चांगली प्रणाली ते करू शकते. तोवर मराठी वाचकाने रोमन लिपीचा आश्रय घ्यावा असा सल्ला मला द्यावा लागतो, आणि तो देताना मला संतोष होत नाही.

परवलीच्या शब्दामागे एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे एका खात्याचा धनी एकच माणूस. आपल्या वाचनालयांतली वर्गणी मात्र बहुधा घराची असते. सासरे सकाळचे चरित्र नेतात, सून दुपारी कादंबरी वाचते, नात बालविभागातले पुस्तक त्याच कार्डावर मागते. अशा घराला एकच शब्द दिला तर सुनेचे वाचन सासऱ्यांना उघडे होते. आणि प्रत्येकाला वेगळे सभासदत्व घ्यायला लावले तर तेवढी वर्गणी भरण्याची पुष्कळांची ऐपत नसते. ह्यावर माझ्या मते उपाय एकच: वर्गणी आणि अनामत घराच्या नावे एकच असावी, खाती मात्र निरनिराळी असावीत. मुलांचा प्रश्न ह्याहून कठीण आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यास पालकांची संमती आवश्यक ठरविली. पण सोळा वर्षांच्या मुलीने शरीरशास्त्राचे कोणते पुस्तक नेले हे पाहण्याचा अधिकार त्या संमतीबरोबर पालकांकडे जावा असे मला वाटत नाही, आणि पालकांच्या सभेत हे बोलल्यावर मी बोलणी खाल्ली आहेत.

ह्या सर्वांहून भक्कम उपाय नीना ब्राउन बाईंच्या लाकडी तबकात आधीच होता. जी नोंद उरलेलीच नाही, तिला परवलीचा शब्द लागत नाही. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयाने २००० साली वापरात आणलेली आणि आता आपल्याकडेही अनेक ठिकाणी रुळलेली 'कोहा' ही मुक्त संगणकप्रणाली वाचकालाच विचारू शकते, की तुझ्या वाचनाचा इतिहास कायम ठेवू, नेमल्या मुदतीपर्यंत ठेवू, की ग्रंथ परत येताच पुसून टाकू? पुष्कळांना तो कायम हवा असतो, आणि आपण काय काय वाचले ह्याची यादी पाहण्यात काही गैर नाही. मात्र ज्याने काहीच कळविले नाही त्याच्या बाबतीत मुदतीनंतर पुसणे हाच नियम असावा. अनुदानासाठी निरीक्षणास येणाऱ्या अधिकाऱ्यांना दाखविण्यासाठी त्या नोंदी लागतील अशी शंका ग्रंथपाल घेतात. पण निरीक्षणास हवी असते ती देवघेवीची संख्या, आणि नोंदीतले सभासदाचे नाव काढून टाकले तरी ती संख्या कमी होत नाही. म्हणून खाती वाचकांना खुली करण्यापूर्वी हे पुसण्याचे काम उरकून घ्यावे, असे मी मंडळांना सुचवीत असतो. आणि ते वार्षिक ग्रंथमोजणीच्या सुट्टीत करावे, कारण त्या दिवसांत देवघेव बंद असते आणि संगणक मोकळा असतो.