छत्तीसांची काटकसर

फिल्मच्या रोलवर छत्तीस छायाचित्रे निघत, म्हणून निवड कळ दाबण्यापूर्वीच होई. आता ती मागाहून करावी लागते. संगणकाने जागा संपल्याची सूचना दिली, तेव्हा आम्ही प्रथम आयफोटोच्या जुन्या संग्रहाकडे वळलो. २०१५ साली त्याची जागा 'फोटोज'ने घेतली. जुन्यावरून नवा संग्रह बनतो तेव्हा दोन्ही सारखेच अवाढव्य दिसतात. पण मूळ चित्रे तबकडीवर एकदाच असतात, एका ऐवजाला दोन नावे. जुना संग्रह काढला तरी फारसे काही सुटत नाही.

मग चित्रांनाच हात घालणे आले. पावत्या, चहाचे पेले, डोळे मिटलेले पाहुणे (पाहुण्यांनी क्षमा करावी) भराभर गेले. आईच्या शेवटच्या दिवाळीची मात्र चौदा चित्रे निघाली. जवळजवळ एकसारखी, एकात पदर सावरताना हात हललेला. अस्पष्ट ते आधी काढावे असा शिरस्ता. आम्हांस तेच राखावेसे वाटले, कारण बाकी तेरांत आई छायाचित्रासाठी बसली आहे. ते ठेवले, सोबत आणखी एक, आणि बारा काढली.

काढलेली चित्रे तीस दिवस निराळ्या कप्प्यात पडून राहतात. तोवर जागाही अडलेलीच. आज बाविसावा दिवस आहे.