पुण्याला गेला का?

सोलापुरात एखादा पोरगा बरा खेळतो असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. धावा किती केल्या, डावरा की उजवा, यातलं काही नाही. ‘पुण्याला गेला का?’ एवढंच. गेला असेल तर गप्पा पुढे सरकतात. नसेल तर ऐकणारा ‘बघू मग’ म्हणतो, आणि त्या ‘बघू’त पोराचा अर्धा निकाल लागून गेलेला असतो.

अंतर तसं फार नाही. अडीचशे किलोमीटर. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की दुपारच्या आत पुणे. तिच्या दारापाशी उभी केलेली किटबॅग आणि तिच्यावर हात ठेवून पेंगणारा बारा-तेरा वर्षांचा पोरगा, हे दृश्य या गाडीला नवं नाही. पण त्या वयात हे अंतर पोरानं कापायचं नसतं, घरानं कापायचं असतं. आईनं तिकडे खोली करून राहायचं की पोराला हॉस्टेलात टाकायचं, शाळा कुठली, इकडे आजीकडे कोण बघणार, धाकटीचा काय गुन्हा. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं घर पुण्यात, तिचं मोठं मैदान गहुंज्याला, निवड चाचण्या बहुतेक तिकडेच. जिल्ह्याकडून खेळून नाव काढता येतं, नाही असं नाही. पण निवडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रोज असणं वेगळं आणि वर्षातून दोनदा गाडीतून उतरणं वेगळं.

ही सगळी चर्चा डिसेंबरात ऐन रंगात येते, कारण आयपीएलचा लिलाव बहुधा तेव्हाच असतो. पार्कच्या बाजूला, म्हणजे कागदोपत्री इंदिरा गांधी स्टेडियमच्या बाजूला, संध्याकाळी आमची सहा-सात जणांची बैठक जमते. एक निवृत्त पीटीचे मास्तर, एक चादरीचे व्यापारी ज्यांना सगळे मालक म्हणतात, एक बँकेतले अण्णा जे घरी तेलुगू, दुकानात कन्नड आणि भांडताना फक्त मराठी बोलतात, शिवाय दोन-तीन कॉलेजची पोरं, मोबाइलवर लिलावाची यादी उघडून बसलेली. यादीत तीनशेच्या वर नावं. मोठ्या नावांत कुणालाच रस नसतो, त्यांचं काय व्हायचं ते होणारच. वाद पेटतो तो तळातल्या, देशाकडून अजून न खेळलेल्या पोरांवर. ‘ह्याच्या अंगात आहे ओ.’ ‘अंगात असून काय, डोक्यात नाही.’ ‘आडव्या बॅटचा आहे, उसळत्या चेंडूवर उघडा पडतोय बघा.’ यातलं निम्मं कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं. पण पार्कवर कधीतरी खेळून गेलेल्या पोराचं नाव निघालं की मास्तर हात वर करून सगळ्यांना गप्प करतात, कारण तो त्यांनी पाहिलेला असतो, आणि पाहिला म्हणजे पायांच्या हालचालीपासून पाहिला. मास्तर मनगट बघतात. बीसीसीआयही मनगटच बघते, पण एक्स-रे काढून: सोळा वर्षांखालच्या पोरांच्या हाडांचं वय टीडब्ल्यू-3 नावाच्या पद्धतीनं काढतात, जन्मदाखल्यावर विसंबत नाहीत. मास्तरांना हे फार लागतं. त्यांच्या मते मिशीवरून कळतं.

लिलावाचं म्हणाल तर सोलापूरला त्याचं अप्रूप कशाला असेल? याच दिवसांत आमच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग रस्त्यावर येते आणि रोज सकाळी बोली पुकारली जाते. पण तिथं माल पुढ्यात ओतलेला असतो. हातात घ्या, सोलून बघा, ओला निघाला तर भाव पाडा. इकडे दुबईत पोराचं नाव पुकारतात तेव्हा पोरगा घरी सोफ्यावर बसून आईसोबत टीव्ही बघत असतो.

दुबई म्हटलं की 19 डिसेंबर 2023 आठवणारच. त्या दिवशी यादीत आमचा अर्शिन कुलकर्णी होता. सोलापूरचा जन्म, फेब्रुवारी 2005 चा, म्हणजे अजून एकोणीसही पूर्ण नव्हती. जूनमध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ईगल नाशिक टायटन्सकडून पुणेरी बाप्पाविरुद्ध त्यानं 54 चेंडूंत 117 काढले होते. तेरा षटकार, चौकार तीनच. वर चार बळी, आणि सामना एका धावेनं जिंकून दिला. त्या रात्रीपासून पार्कवरच्या प्रत्येकानं त्याला लहानपणी चेंडू टाकलेला होता. लिलावाआधीचे आठ दिवस आमच्याकडे दुसरा विषयच नव्हता. मालकांचा आकडा पाच कोटी. अण्णा एक कोटीवर अडलेले. मास्तर म्हणत होते, जेवढा कमी जाईल तेवढं बरं. त्यांना तेव्हा कुणी बोलूही दिलं नाही.

नाव आलं. बेस प्राइस वीस लाख. लखनौनं हात वर केला, दुसरं कुणी बोललं नाही, विषय संपला. त्याच दिवशी, त्याच वीस लाखांच्या पायरीवरून, समीर रिझवी 8 कोटी 40 लाखांना चेन्नईला गेला, आपल्या विदर्भाचा शुभम दुबे 5 कोटी 80 लाखांना राजस्थानला. मालकांना ते इतकं लागलं की जणू त्यांच्याच मालाला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. मला मात्र तेव्हाही मास्तरांचं पटलं होतं. आठ कोटींचा पोरगा दोनदा शून्यावर बाद झाला तर अख्खा देश हिशेब मागतो. वीस लाखांच्या पोराला निदान शिकायची मुभा असते.

ती किती असते हे पुढे कळलं. मधल्या काळात तो एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेत जाऊन अमेरिकेविरुद्ध 108 करून आला. (त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत बीडच्या सचिन धसनं 96 काढले, आठवडाभर पार्कवर बीड आणि सोलापूर असा निष्कारण वाद चालला.) मग 30 एप्रिल 2024, लखनौ, समोर मुंबई इंडियन्स. के. एल. राहुलबरोबर आमचा पोरगा सलामीला. नुवान तुषारा कमरेजवळून हात फिरवत आला, चेंडू पॅडवर, पायचीत. पहिलाच चेंडू. पार्कवर एवढी सामसूम मी फक्त निवडणुकीच्या निकालाला पाहिली आहे.

पाच दिवसांनी कोलकात्याविरुद्ध दुसरी संधी. नऊ धावा झाल्या होत्या. गोलंदाज मिचेल स्टार्क, त्याच दुबईच्या लिलावातला सगळ्यात महाग माणूस, 24 कोटी 75 लाख. अर्शिननं लेगला फिरवायला बॅट घातली, कड लागली आणि चेंडू उंच उडून कव्हरच्या डोक्यावरून मागे निघाला. तिथून रमणदीप सिंग पाठ फिरवून धावत सुटला, धावता धावता मान वळवली, अंग झोकून दिलं आणि झेल घेतला. हा रमणदीपही त्याच लिलावातला, तोही वीस लाखांतच कोलकात्यानं घेतलेला. त्या झेलाची चित्रफीत देशभर फिरली, आणि पुढच्या मोसमासाठी कोलकात्यानं त्याला चार कोटींना राखलं. अर्शिनला लखनौनंच पुन्हा घेतलं, तीस लाखांना. अण्णांनी तो झेल मोबाइलवर साठवून ठेवलाय. का म्हणून विचारलं तर म्हणतात, ‘बॅट बघा की, फटका चुकलेला नाही, जरा लवकर झाला.’

त्यानंतर जानेवारी 2025 मध्ये विजय हजारे स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्यानं पंजाबविरुद्ध 107 केले, 137 चेंडू घेऊन, सावकाश, डाव बांधत. तेरा षटकारवाल्या पोराला एवढं थांबता येतं हे मास्तरांना फार आवडलं. टीव्हीवाल्यांना नाही.

एक जुनं दुखणंही या गप्पांत हमखास निघतं. पॉली उम्रीगर. 28 मार्च 1926 ला जन्म सोलापुरात. कसोटीत द्विशतक काढणारा पहिला भारतीय, 1955 मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223. 59 कसोट्या, 12 शतकं. बीसीसीआयचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच्या नावानं देतात. पण घर मुंबईला हललं आणि तो मुंबईचा झाला. ‘आपला’ म्हणायला आमच्याकडे उरला जन्मदाखला. मालकांचे वडील म्हणे सांगायचे की असली पोरं सोलापूर फक्त जन्माला घालतं. मला यात तक्रार करण्यासारखं काही दिसत नाही. गिरण्यांच्या दिवसांत हेच शहर तेलंगण-कर्नाटकातून आलेल्यांना पोसत होतं, तेव्हा तिकडच्या गावांनी काय म्हणायचं?

आमच्यातल्या एकाचा भाचा मेलबर्नला असतो. तो सुट्टीत आला की तिथल्या फुटबॉलचं सांगतो: लांबट चेंडू, क्रिकेटच्याच मैदानावर अठरा-अठरा गडी, हातही चालतात आणि पायही. तिथेही नवी पोरं निवडायचा दिवस असतो, नोव्हेंबरात, 1986 पासून. तिथं पैशाची बोली नाहीच. आदल्या मोसमात जो संघ तळाला गेला त्याला पहिला हक्क, मग वरवर चढत जायचं. बापानं एखाद्या संघाकडून शंभर सामने खेळले असतील तर पोरावर त्या संघाला झुकतं माप. यावर अण्णा म्हणाले, ‘आमच्याकडे पण होतं की, बाप गिरणीत तर पोरगा गिरणीत. आता गिरणीच नाही.’ पण मला आवडलं ते पुढचं. मेलबर्नच्या अठरा वर्षांच्या पोराला पर्थच्या संघानं उचललं तर त्यानं अख्खा देश ओलांडून पर्थला जायचं. म्हणून तिथले शौकीन निवडीआधी महिनोन् महिने वाद घालतात त्यात उंची, वेग, लाथेची लांबी तर असतेच, पण एक प्रश्न असतोच असतो: हा पोरगा तिकडे राहील, की दोन वर्षांत घरची ओढ लागून परत येईल? म्हणजे त्यांचा प्रश्न आमचाच. फरक एवढाच की तिथं आधी निवड होते आणि मग घर सुटतं. आमच्याकडे घर आधी सोडायचं, आणि निवड झाली तर झाली.

किरण नवगिरेनं तर पुणंही मागं टाकलं. माळशिरस तालुक्यातलं मिरे हे तिचं गाव. महाराष्ट्रात जागा होईना म्हणून ती पाहुणी खेळाडू होऊन नागालँडकडून खेळली, आणि 2022 मध्ये अरुणाचलविरुद्ध टी-20 च्या एका डावात 76 चेंडूंत नाबाद 162 धावा ठोकल्या. त्याच वर्षी भारताकडून खेळली. 2023 च्या फेब्रुवारीत महिलांचा पहिला लिलाव झाला तेव्हा यूपी वॉरियर्सनं तिला तीस लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात 53 काढताना तिच्या बॅटवर ‘एमएसडी 07’ असं हातानं लिहिलेलं होतं. पार्कवरच्या आमच्या बैठकीत तिचं नाव लिलावाआधी कुणीही घेतलं नव्हतं, हे नमूद करायला हवं. आता सगळे घेतात.

मास्तरांना कुणी फारच कोंडीत पकडलं की ते 2008 काढतात. क्वालालंपूरला विश्वचषक जिंकून आलेल्या एकोणीस वर्षांखालच्या पोरांची तेव्हा बोली नव्हती, संघांनी पाळीपाळीनं एकेक पोरगा निवडला. दिल्लीची पाळी आली. विराट कोहली घरचा, दिल्लीचाच. दिल्लीकडे फलंदाज भरपूर होते, म्हणून त्यांनी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला. कोहली बंगळूरला गेला. ‘पगारी माणसं ती, आमच्यासारखी चहावर नाहीत,’ असं मास्तर म्हणतात आणि आपली मिशीची परीक्षा पुढे चालू ठेवतात.

सध्या वाद आहे तो एका लेगस्पिनरचा. तेरा वर्षांचा, वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर. चेंडू असा वळतो की यष्टिरक्षकच फसतो. या पोराबद्दल बैठकीत पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं, आणि नेमके परवा वडील स्वतःच येऊन बसले. ‘पाठवू का?’ म्हणाले.

गुगली, फ्लिपर सगळं बाजूला राहिलं. अण्णांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकडे मांडायला घेतले: खोली, मेस, अकादमीची फी, शाळा, महिन्याला एक फेरी. बेरीज तीनदा केली, तिन्ही वेळा तीच आली. मालक म्हणाले, खोलीचं सोडा, हडपसरला माझा साडू राहतो. यावर कॉलेजच्या पोरांनी हडपसर ते गहुंजे अंतर काढून दाखवलं. शहराची ही दोन टोकं, रोज जाऊन-येऊन पोरगा चेंडू कधी टाकणार? मास्तर म्हणाले, रोज गहुंज्याला कोण जातंय, अकादमी शहरात बघायची. मालकांनी तिथूनच साडूला फोन लावला, स्पीकरवर.

साडू म्हणाला, पाठवा की, आपलंच पोरगं आहे. फक्त खोली आत्ता मोकळी नाही. मेव्हण्याचा मुलगा एमपीएससीची तयारी करतोय, त्याची परीक्षा होऊ दे. मार्चनंतर पाठवा.

‘मार्चात आयपीएल सुरू होतंय,’ मालक फोन ठेवत म्हणाले. ‘तवा ह्याच्याकडं बघायला कुणाला वेळ आहे?’ आणि अण्णांकडून तो कागद घेऊन त्यांनी खोलीचा आकडा पुन्हा बेरजेत धरला.