बाबेलच्या नद्या, जमैकाचा ठेका



‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ म्हटलं की आपल्या पिढीला बोनी एमचं १९७८ सालचं गाणं आठवतं. पण मूळ गाणं जमैकाचं. ब्रेंट डो आणि ट्रेव्हर मॅकनॉटन यांनी ते रचलं आणि १९७० साली ‘द मेलोडियन्स’ या त्रिकुटाने गायलं. ‘द हार्डर दे कम’ या १९७२च्या चित्रपटामुळे ते जगभर पोहोचलं.

शब्द आपल्या तेहिलीममधले, १३७व्या स्तोत्रातले. बाबेलला कैद करून नेलेले लोक नदीकाठी सियोनसाठी रडतात आणि पकडून नेणारेच त्यांना गाणं म्हणायला सांगतात. मेलोडियन्स रास्ताफारी परंपरेतून गात होते. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या आफ्रिकन लोकांची ही लेकरं. त्यांच्या लेखी बाबेल म्हणजे जुलमी सत्ता आणि सियोन म्हणजे आफ्रिका, विशेषतः इथिओपिया. म्हणून देवाच्या जागी त्यांनी सम्राट हेले सेलासींसाठीचं ‘किंग अल्फा’ हे नाव घातलं. बोनी एमने तिथे पुन्हा देवाचं नाव आणलं.

चाल मात्र रडकी नाही. रेगेत गिटार दोन ठोक्यांच्या मधल्या जागी वाजते, त्यामुळे दुःख ऐकतानाही पाय हलतो.

त्या स्तोत्राच्या शेवटी शत्रूच्या तान्ह्या मुलांवर सूड मागितला आहे. प्रसूती विभागात उमेदीची वर्षं काढली, म्हणून असेल, ते वचन माझ्या घशाखाली उतरत नाही. गाण्यात ते नाहीच. त्याऐवजी १९व्या स्तोत्राचं शेवटचं वचन आहे : मुखातले शब्द आणि मनातले विचार देवाला मान्य व्हावेत. आपण अमिदाच्या शेवटी रोज म्हणतो, तेच. सूड गाळून प्रार्थना ठेवली, हे मला या गाण्याचं मोठेपण वाटतं.

इथे माझ्याबरोबर इथिओपियाहून आलेली एक नर्स होती. रास्ताफारींच्या सियोनहून ती आपल्या सियोनला आली होती! दोघींनाही घरची आठवण मात्र मागे राहिलेल्या गावाचीच यायची.

परक्या देशात आपलं गाणं कसं गावं, असं ते स्तोत्र विचारतं. आपल्या वाडवडिलांनी तोराहमधल्या कथा साकी-दिंडीच्या चालींवर मराठी कीर्तनांत गायल्या. जमैकाच्या लोकांनी स्तोत्राला रेगेचा ठेका दिला. गाणं टिकलं ते असंच. तुमच्या घरी कीर्तनाची जुनी वही असेल, तर ती मुलांना वाचून तरी दाखवा.