कॉट बेसिसवरचं स्पेन

परदेशी शिकायला जायचं म्हणजे आयफेल टॉवरसमोर फोटो, असं वाटत होतं. प्रत्यक्षात मी स्पेनमधल्या एका काकूंकडे पीजी म्हणून राहिले... आणि आठवलं भलतंच!

पुण्यात वाढलेल्या माणसाला नियमांच्या यादीचं काही विशेष वाटत नाही. तरीही सालामान्कामधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर लावलेला कागद वाचला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. शॉवर दहा मिनिटं. कपडे आठवड्यातून एकदाच धुतले जातील. किचनमध्ये स्वतः काही शिजवायचं नाही. रात्री पाहुणे आणायचे नाहीत. जेवायला येणार नसाल तर आधी सांगावे. ‘जिन्यात चपला वाजवू नयेत’ एवढंच काय ते राहिलं होतं!

गोष्ट २०१९ ची. मासकॉमची डिग्री हातात, पुण्यात केलेल्या स्पॅनिशच्या दोन लेव्हल्स डोक्यात आणि आईने मोडलेल्या एफडीचे पैसे अकाउंटला. सालामान्कामध्ये तीन महिन्यांचा भाषेचा कोर्स करायचा ठरवला. राहायला दोन ऑप्शन होते. हॉस्टेल किंवा होस्ट फॅमिली. म्हटलं, भाषा शिकायची तर घरातच राहावं. ब्रोशरवर हसरं कुटुंब होतं, मोठी पाएया होती, कुत्रासुद्धा होता. २९ सप्टेंबरला मी माद्रिदहून अडीच-तीन तासांचा बसप्रवास करून पोचले, तेव्हा दारात एकट्या सेन्योरा उभ्या होत्या. वय अडुसष्ट, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. कुत्रा नाही. टीव्ही मात्र दिवसभर चालू.

त्यांनी पुढे होऊन माझ्या दोन्ही गालांवर पापी दिली. मी नमस्कारासाठी हात जोडत होते, ते मध्येच अडकले. अशी आमची सुरुवात झाली.

एक ‘न’ राहिला...

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, ‘कशी आहेस?’ थकले होते, तसं सांगायचं होतं. थकलेली म्हणजे ‘कान्सादा’. माझ्या तोंडून निघालं ‘कासादा’. म्हणजे विवाहित! त्या डोळे मोठे करून म्हणाल्या, ‘इतक्या लहान वयात?’ मला वाटलं, प्रवासाबद्दल बोलतायत. मी मान डोलावून दुःखी चेहरा केला. पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी फार हळुवारपणे वागत होत्या. तिसऱ्या दिवशी ‘नवरा फोन करत नाही का?’ असं विचारलं, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

दुसरा लोचा ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा. स्पॅनिशमध्येही दोन्ही आहेत, ‘तू’ आणि ‘उस्तेद’. मी अर्थातच ‘उस्तेद’ म्हणून बोलायला लागले, तर त्या चिडल्या. ‘मला म्हातारी करू नकोस, तू म्हण!’ आता अडुसष्ट वर्षांच्या बाईंना अरेतुरे करायचं म्हणजे जीभ जड होते की नाही? मग मी मधला मार्ग काढला. तोंडाने ‘तू’ म्हणायचे आणि मनात त्यांना काकू म्हणायचे. इथून पुढे त्या काकूच.

बाकी भाषा तशी ओळखीची निघाली. बटाटा तिथे ‘पाताता’. आपल्याकडे हा पाहुणा पोर्तुगीजांबरोबर आला, ते स्पॅनिशचे सख्खे शेजारी. ‘पगार’ हा तर स्पॅनिशमध्ये आख्खा धातू आहे, अर्थ पैसे देणे. मला जाम मजा वाटली. पैसे देणारी मी, म्हणजे पगार माझा की काकूंचा?

घड्याळ आणि पोट

स्पेनमध्ये पहिले काही दिवस तुमच्या पोटाचे हाल होतात, हे कोणी सांगत नाही. दुपारचं जेवण अडीचला, रात्रीचं साडेनऊला. त्यामागे घड्याळाचा फंडा आहे. नकाशात स्पेन जवळजवळ इंग्लंडच्याच रेषेत आहे, पण १९४० मध्ये फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं एक तास पुढे केली गेली आणि ती परत मागे आलीच नाहीत. त्यामुळे सप्टेंबरअखेरीस तिथे सकाळी आठ वाजतासुद्धा सूर्य उगवलेला नसतो. सूर्य आपला त्याच्या वेळेवर असतो, उशीर घड्याळाला झालेला असतो!

मी काकूंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘मी मांस खात नाही, अंडं चालतं.’ त्यांनी ‘बाले, बाले’ म्हणजे ‘ठीक, ठीक’ म्हणून मान डोलावली आणि दुपारी ताटात हॅम आला. मी हॅमकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे. ‘हे मांस नाही, हा खामोन आहे!’ त्यांचंही बरोबरच होतं. त्याच प्रांतातलं गिहुएलो हे गाव हॅमसाठी स्पेनभर प्रसिद्ध. आपल्याकडे पुरणपोळीला कोणी ‘गोड नको’ म्हटलं तर कसं वाटेल, तसं काहीसं.

दुसऱ्या दिवशी मसूर होते. जवळच्या ला आर्मुन्या भागातले हे मसूर फार नावाजलेले. त्यात चोरिसो हे सॉसेज घालून शिजवायची पद्धत. काकूंनी माझ्या वाटीतले चोरिसोचे तुकडे चमच्याने काढून टाकले आणि विजयी मुद्रेने वाटी पुढे केली. मी त्या दिवशी पाव खाऊन उठले. तिसऱ्या आठवड्यात मात्र एक छोटं पातेलं गॅसवर वेगळं दिसलं. त्यात फक्त मसूर, गाजर, लसूण. काकू काही बोलल्या नाहीत. मीही पातेलं चाटूनपुसून रिकामं केलं, बोलले काही नाही.

सोनेरी गाव, बेडूक आणि अंतराळवीर

गाव कसलं सॉलिड आहे! व्हियामायोरच्या दगडात बांधलेलं. या दगडात लोह असतं, ते हवेनं गंजतं आणि भिंतींना सोनेरी रंग चढतो. संध्याकाळी सगळं गाव तुपात परतल्यासारखं दिसतं. विद्यापीठ १२१८ चं, मी पोचायच्या आदल्याच वर्षी त्याला आठशे वर्षं झाली होती. त्याच्या नक्षीदार दर्शनी भिंतीवर एका कवटीवर बसलेला छोटासा बेडूक आहे. कोणाच्या मदतीशिवाय तो सापडला तर परीक्षेत पास, असा समज आहे. मला सहाव्या दिवशी सापडला, तोही एका जपानी ग्रुपचा गाइड बोट दाखवत होता म्हणून. थोडक्यात, कॉपी! नव्या कॅथीड्रलच्या दारावर चक्क अंतराळवीर कोरलाय. १९९२ च्या दुरुस्तीत कारागिरांनी त्यांच्या काळाची खूण म्हणून तो घातला.

कोणालाही भेटायचं तर प्लाथा मायोरमध्ये, घड्याळाखाली. १७२९ ते १७५५ या काळात बांधलेला हा चौक म्हणजे गावाचा दिवाणखाना. पण मला जास्त आवडायचा तो तोर्मेस नदीवरचा रोमन पूल. तिथे एक दगडी बैल आहे, डोकं उडालेला. १५५४ मध्ये छापल्या गेलेल्या ‘लाथारियो दे तोर्मेस’ या कादंबरीत घर सोडून निघालेल्या पोराला त्याचा आंधळा मालक सांगतो, बैलाला कान लाव, आत आवाज ऐकू येतो. पोरगं कान लावतं, मालक त्याचं डोकं दाणकन दगडावर आपटतो. घराबाहेर पडल्यावरचा पहिला धडा!

माझं डोकं आपटलं ते बाथरूममध्ये.

नारिंगी सिलिंडर

काकूंच्या जुन्या फ्लॅटमध्ये गरम पाण्याला ब्यूटेनचा सिलिंडर होता. आपला लाल असतो, त्यांचा नारिंगी. साडेबारा किलो गॅस, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यापर्यंत माणूस खांद्यावरून आणून देतो. दुसऱ्या आठवड्यात एका गार सकाळी मी शॉवरखाली मस्त गाणी म्हणत वीस मिनिटं उभी राहिले. डोक्याला शॅम्पू असतानाच पाणी बर्फासारखं झालं आणि दारावर थाप पडली. टक टक टक.

ती थाप मी ओळखली. कारण २०१२ मध्ये सदाशिव पेठेतल्या आमच्या घरात अशीच थाप मी मारायचे.

बाबांची कंपनी बंद पडल्यावर आईने आतली खोली कॉट बेसिसवर दिली होती. उदगीरची एक मुलगी होती, इंजिनीअरिंगला. गीझर दहा मिनिटं, हा आईचा नियम. आणि घड्याळ लावून दार वाजवायचं काम पंधरा वर्षांच्या माझ्याकडे. मला ते जाम आवडायचं. नऊ मिनिटांनाच वाजवायचे कधीकधी. ती ओल्या केसांनी बाहेर येऊन ‘सॉरी हं’ म्हणायची. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी मुलगी मला सॉरी म्हणायची.

शॅम्पूचा फेस तसाच घेऊन मी दार उघडलं आणि ‘सॉरी’ म्हटलं. काकू सिलिंडर बदलायला निघाल्या होत्या. मी मदतीला धावले, अनवाणी. आता त्या खऱ्या ओरडल्या, ‘थापातियास, इखा!’ चपला घाल, मुली! स्पेनमध्ये घरात अनवाणी फिरणं म्हणजे आजाराला आमंत्रण. गॅसबद्दल त्या एका वाक्यात मोकळ्या झाल्या, चपलांबद्दल मात्र दिवसभर बोलत होत्या.

पाचवी खुर्ची

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काकू माझे लाड करायला बसलेल्या नव्हत्या. पेन्शन पुरत नाही म्हणून त्या विद्यार्थी ठेवतात, हे त्यांनीच मला सांगितलं. केळी मोजलेली असायची. मला तेही ओळखीचंच होतं.

२७ ऑक्टोबरचा रविवार उजाडला. आपल्याकडे लक्ष्मीपूजन. काकूंकडे मुलगा, सून आणि नातू जेवायला येणार होते. फॅमिलीचं जेवण, त्यात आपण कशाला? मी आदल्या दिवशीच सांगून टाकलं, ‘मी बाहेर सँडविच खाईन, नाहीतर माझं ताट खोलीत द्या.’

काकूंना कळेचना. त्यांना वाटलं, परत माझा एखादा ‘न’ राहिला. त्यांनी ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. मग खुर्च्या मोजल्या. चार होत्या. माझ्या खोलीत गेल्या आणि अभ्यासाच्या टेबलाची खुर्ची उचलून घेऊन आल्या.

थंडी सुरू झाली होती. तिथे गोल टेबलावर जमिनीपर्यंत जाड कापड टाकतात आणि खाली छोटा हीटर असतो. सगळ्यांनी पाय त्या कापडाखाली घ्यायचे. पाच जणांचे पाय एका उबेत. जेवण तासाभरात संपलं, पण उठलं कोणीच नाही. याला ‘सोब्रेमेसा’ म्हणतात, जेवणानंतर टेबलावर रेंगाळत मारलेल्या गप्पा. नातवाने मला दिवाळी म्हणजे काय विचारलं. मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये पणत्या, फराळ, फटाके सांगत सुटले, आणि सांगता सांगता थांबले.

२०१२ ची दिवाळी. परीक्षा तोंडावर म्हणून उदगीरची ती घरी गेली नव्हती. आमच्या हॉलमध्ये मामा-मावशी, दहा-बारा माणसं. आईने फराळाचं ताट भरलं, अगदी व्यवस्थित, दोन करंज्या जास्तच घातल्या आणि म्हणाली, ‘तिला खोलीत देऊन ये.’ मी दार वाजवलं, ताट दिलं आणि फुलबाज्या संपतील म्हणून पळत परत आले.

आईला रोज दुपारी चारला फोन करायचा ठरलेला, भारतात तेव्हा साडेसात. त्या दिवशी मी पाचला केला. पण त्याच पहाटे युरोपची घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली होती! पुण्यात साडेनऊ वाजले होते. पूजा उरकून आई दोन तास फोन घेऊन बसली होती. तिचं रागावणं संपल्यावर मी तिला पाचव्या खुर्चीचं सांगितलं, मग उदगीरच्या मुलीचं. आई थोडा वेळ गप्प झाली.

‘अगं, घरात तेव्हा इतकी माणसं... आणि परकी मुलगी, तिलाच अवघडल्यासारखं झालं असतं,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘ताट मात्र मी चांगलं भरलं होतं.’ खरंच होतं ते. मी वाद घातला नाही. दोन मिनिटांनी तिने विचारलं, ‘तुझ्या त्या काकूंना चकली पाठवू का कुरिअरने?’

पुण्यात परतल्यावर आईच्या जुन्या डायरीत तिचा नंबर सापडला. चक्क चालू होता. मी मेसेज केला, गीझरसाठी सॉरी म्हटलं, दिवाळीच्या ताटासाठीही. संध्याकाळी उत्तर आलं. ‘गीझरचं माफ नाही, नऊ मिनिटांना वाजवायचीस, मला माहीत होतं! ताट आठवतं. करंज्या मस्त होत्या. तू तेव्हा पाच मिनिटं आत येऊन बसली असतीस ना, तर अजून मस्त वाटलं असतं.’

आईकडे अजूनही एक पीजी असते. नियम तेच आहेत, गीझर दहा मिनिटं. फक्त रविवारी आमच्या टेबलाला एक खुर्ची कमी पडते, ती मी माझ्या खोलीतून आणते.